आर्डिसने वाचलेला चौथा भाग

आर्डिस टॉलेफसनला सुई धरता येत नाही, हे आमच्या चर्चच्या तळघरात दर बुधवारी गोधड्या शिवणाऱ्या सगळ्या बायकांना तिच्या पहिल्याच दिवशी कळलं. दुपारच्या कॉफीची वेळ झाली, आर्डिस खुर्चीवरून उठली आणि तिच्याबरोबर गोधडीही उठली. बाईने गोधडीचा काठ स्वतःच्या स्कर्टाला शिवून टाकला होता, तोही दुहेरी दोऱ्याने. गोधडी ताणून बसवलेली चौकट कलंडली, टाचण्यांचा डबा सांडला.

"हलू नकोस," लव्हॉन ब्रेकी कात्री घेऊन आली. "एकतर तुला कापावं लागेल, नाहीतर गोधडीला."

"गोधडीला नको," आर्डिस म्हणाली. "तिच्यावर बाकीच्यांनी मेहनत घेतलीय."

शेवटी स्कर्ट कापला. आर्डिस अंगाभोवती कोट गुंडाळून घरी गेली. पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली, नवा स्कर्ट घालून, आणि पुन्हा सुई मागायला लागली. कामाला नाही म्हणायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. आणि आमच्या टोर्स्बी गावच्या बायकांना कुणालाही 'तू काम करू नकोस' असं तोंडावर सांगता येत नव्हतं. मिनेसोटात राहून तेवढं धारिष्ट कुणाच्याच अंगी येत नाही. म्हणून आम्ही तिला शिवू द्यायचो, आणि ती गेली की मी आणि लव्हॉन मागे थांबून तिचे टाके उसवायचो.

आर्डिसचं आयुष्य हातावर नाही, आवाजावर गेलं होतं. आमच्या भागात रेडिओचं एक लहानसं केंद्र होतं. तिथे रोज सकाळी ती बातम्या द्यायची. आधी सोयाबीनचा भाव, मग मक्याचा, मग डुकरांचा, आणि सगळ्यात शेवटी माणसं, म्हणजे आदल्या दिवशी वारलेली. सगळं एकाच आवाजात. माझे वडील म्हणायचे, "आपलं नाव एकदा आर्डिसच्या तोंडून निघणारच आहे, फक्त डुकरांचा भाव पडलेल्या दिवशी निघू नये. लोकांचं लक्ष नसतं."

तिच्या हातून चूक अशी एकदाच झाली. कुणीतरी चुकीचा कागद पुढे ठेवला आणि एल्मर ग्रॉनसेथ नावाचा धडधाकट शेतकरी तिने सकाळच्या बातम्यांत मारून टाकला. दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बायका बटाट्याचा भट्टीत भाजलेला हॉटडिश, हॅमचे पाव, आंबट रुबार्बच्या वड्या घेऊन त्याच्या दारात हजर. दार एल्मरनेच उघडलं. त्याने कुणालाही परत पाठवलं नाही, आठवडाभर बसून खाल्लं. गावाला ते अजून हसू आणतं, पण आर्डिसला कधी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने रेडिओवरून माफी मागितली आणि तेव्हापासून प्रत्येक ओळ दोनदा तपासल्याशिवाय उच्चारली नाही. कागदावर जे असेल तेच वाचायचं, ना एक शब्द जास्त ना एक कमी, हा तिचा धर्म झाला.

पुढे केंद्राचा मालक बदलला. नवा मालक दूरच्या शहरातला. त्याच्याकडून टाय लावलेला एक तरुण माणूस आला, त्याने आर्डिसला एक फुलदाणी दिली, "तुमच्या सेवेबद्दल आभार" म्हणाला आणि भाव वाचायचं काम यंत्राकडे सोपवून गेला. यंत्र माणसांची नावं वाचत नव्हतं. नावं वाचणं बंदच झालं. आर्डिस त्याबद्दल कुणाशी काही बोलली नाही. तिचा नवरा अर्लन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि मुळातच अबोल, त्यामुळे त्या घरात आता घड्याळाशिवाय कुणाचा आवाज नव्हता. म्हणून ती तळघरात गोधड्या शिवायला आली होती.

सुईवरून सुटका योर्डिसबाईंनी केली. योर्डिस लीन आमच्यातल्या सर्वांत वडील, नव्वदी केव्हाच ओलांडलेल्या. गावच्या रस्ते-पूल समितीच्या चिटणीस म्हणून त्यांनी तीन पिढ्यांच्या माणसांना गप्प बसवलेलं, त्यामुळे खरं बोलायची मुभा गावात फक्त त्यांना होती.

"आर्डिस, तू काय शिवतेस ते मला दिसत नाही, हे देवाचे उपकार," त्या म्हणाल्या. "पण तू बोलतेस ते ऐकू येतं. सुई ठेव खाली आणि काहीतरी वाच."

पहिल्यांदा तिने प्रवचनांचं पुस्तक वाचलं. दुसऱ्या पानाला दोघी झोपल्या, आणि एकीने झोपेत अख्खी रांग वाकडी शिवली. मग लव्हॉनने वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यातून एक जाडजूड पुस्तक आणलं, कारण ते सगळ्यात जाड होतं आणि हिवाळा लांब होता. जादूची कथा होती. बेट्रिस ऑल्डेन नावाच्या कुणा बाईंनी लिहिलेली मालिका, 'वाऱ्याच्या गाठी'. विन्ना नावाची मेंढ्या राखणारी मुलगी, तिला वारा दोरीच्या गाठीत बांधायची विद्या येते. एक गाठ सोडली की झुळूक, दुसरी सोडली की वादळ, तिसरी सोडायची नाही. दिवसभर गोधडीला गाठी मारणाऱ्या बायकांना ही विद्या ताबडतोब पटली.

"तिसरी कधी सोडणार?" पहिल्या पाच पानांतच प्रश्न आला.

"पुढे कळेल," आर्डिस म्हणाली. आणि पुस्तकातला पहिला राक्षस मेला तेव्हा तिने ती बातमी ज्या आवाजात दिली, त्या आवाजाने माझ्या हातातली सुई थांबली. कितीतरी दिवसांनी कुणाचंतरी नाव नीट, सावकाश, पूर्ण उच्चारलं गेलं होतं.

आमचे पास्टर वेंडेल जिन्यावरून खाली डोकावले. चर्चच्या तळघरात जादूटोणा चालावा का, असा त्यांच्या मनात प्रश्न होता, पण तो विचारायचा कसा हे त्यांना सुचत नव्हतं. ते म्हणाले, "हे... वेगळंच आहे."

आमच्याकडे 'वेगळंच आहे' म्हणजे भयंकर आहे. पण योर्डिसबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, हातात कॉफी दिली, आणि थोड्या वेळाने पास्टर स्वतःच विचारत होते, "त्या बदकाला बोलता येतं की नुसतं समजतं?"

"हंस आहे तो," सगळ्या एकदम म्हणाल्या.

तो हंस म्हणजे थॉर्न. तिरसट, खवचट, विन्नाच्या मागे मागे चालत तिच्या चुका काढणारा. गावातल्या निम्म्या नवऱ्यांशी त्याचं साम्य होतं, तरी तो सगळ्यांचा लाडका होता. शिवाय ओस्रिक नावाचा म्हातारा जादूगार होता, ज्याचे मोजे कायम फाटलेले असत. आणि हाडांचा राजा होता, ज्याचं नाव निघालं की कॉफीचे कप खाली ठेवले जायचे.

तीन भाग आम्ही दोन हिवाळ्यांत संपवले. तिसऱ्याच्या शेवटी हाडांचा राजा विन्नाला मनोऱ्यावरून ढकलून देतो. ती पडते, थॉर्न तिच्यामागे झेप घेतो, आणि पुस्तक संपतं. आर्डिसने शेवटचं पान उलटून पाहिलं, पुढे कोरा कागद.

"म्हणजे?" लव्हॉन ओरडली. "पडली की नाही?"

"पडतेय," आर्डिस म्हणाली.

ती पोरगी वर्षानुवर्षं पडतच राहिली. चौथा भाग येणार, येणार म्हणून नुसत्या बातम्या येत. दर बुधवारी योर्डिसबाई विचारायच्या, "टेकली का जमिनीला?" एकदा त्यांना न्युमोनिया झाला, हॉस्पिटलात पास्टर प्रार्थनेला गेले, तर त्यांनी पास्टरांना सांगितलं, "आत्ता मला न्यायचं नाही म्हणून सांगा वरती. ती मुलगी अजून हवेत आहे."

शेवटी एका ऑक्टोबरमध्ये चौथा भाग आला. विटेएवढा. लव्हॉनने त्या दिवशी लिंबाच्या वड्या केल्या, कुणीतरी लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लाटून आणली, पास्टरांनी नवी खुर्ची आणली. पण आर्डिसने पुस्तक आधी घरी नेलं. रेडिओची सवय. आधी स्वतः वाचल्याशिवाय ती कधीच लोकांसमोर वाचत नसे.

त्या आठवड्यात घरी काय झालं ते अर्लनने मला पुढे सांगितलं. आर्डिस पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पहिलं वाक्य असं होतं : 'पुलावरील कराविषयीची सभा सकाळी सुरू झाली.' तिला वाटलं, चुकून दुसरंच पुस्तक आलं. मुखपृष्ठ पुन्हा पाहिलं. पुढे वाचलं. विन्ना गवताच्या गाडीवर पडली होती, तेही कुणीतरी सभेत बोलताना जाता जाता सांगतं. थॉर्न दक्षिणेला उडून गेलेला, परत येतच नाही. हाडांचा राजा सर्दीने मेला, एका ओळीत. वाऱ्याच्या गाठींचं नाव नाही. उरलेली सगळी पानं पुलावरचा कर, तो कुणी घ्यायचा, आणि 'थ' अक्षरावरून नावं असलेल्या अकरा चुलत भावांची भांडणं.

आर्डिसने पुस्तक मिटलं, भांडी घासली, मग पुन्हा पुस्तक उघडून बघितलं. भांडणं तिथेच होती.

"हे मी योर्डिसबाईंना कशी वाचून दाखवू?" ती म्हणाली.

अर्लनने हातातला कप खाली ठेवला. "जरा बरं करून वाच," तो म्हणाला.

"अर्लन! कागदावर नाही ते मी वाचत नाही."

अर्लनने खांदे उडवले आणि तो ट्रॅक्टरकडे गेला. वर्षाकाठी एकदा सल्ला द्यायचा, तो देऊन झाला होता.

बुधवारी तळघर भरलं होतं. शिवणकामाशी काही संबंध नसलेली माणसंही आली होती. आर्डिस पुस्तक उघडून बसली. तिने घसा साफ केला. मी तिच्या शेजारीच होते. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग वर पाहिलं. योर्डिसबाईंची नुसत्या स्पर्शाने चालणारी सुई हवेत थांबली होती. त्या तोंड किंचित उघडं ठेवून बसल्या होत्या, लहान मुलांसारखं.

शांतता लांबली. आणि रेडिओवर आयुष्य काढलेल्या माणसाला शांतता सोसवत नाही. कानात काहीतरी जळाल्यासारखं होतं म्हणे.

"विन्ना पडत होती," आर्डिस म्हणाली. "वारा तिच्या कानाशी ओरडत होता. आणि वरून थॉर्न ओरडत होता, 'हात पसर, मूर्ख मुली, हात पसर!'"

तळघरात टाळ्या पडल्या. आर्डिस एवढी पांढरी पडली की मी तिला पाणी दिलं. पण मागे फिरायची वाट आता बंद झाली होती. हंस आलेला होता. त्याला परत दक्षिणेला कसा पाठवणार?

त्या हिवाळ्यात आर्डिसने दर बुधवारी चौथा भाग 'वाचला'. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, मधूनच पान उलटायची. मला संशय आला तो पानांवरून. कधी ती एका पानावर तासभर रेंगाळायची, कधी तीन पानं एकदम उलटायची. पण मी काही बोलले नाही. मला पुढचं ऐकायचं होतं.

आणि काय काय झालं त्या कथेत! विन्नाने पडता पडता तिसरी गाठ सोडली, आणि मनोऱ्याचं छप्पर उडून समुद्रात गेलं. हाडांचा राजा गळ्यात राखाडी पट्टा बांधायचा, हसतमुख असायचा, आणि ज्याचं राज्य घ्यायचं त्याला आधी एक फुलदाणी द्यायचा. "तुमच्या सेवेबद्दल आभार," असं म्हणून तो माणसांचे आवाज काढून बाटलीत भरायचा. ती फुलदाणी मला ओळखीची वाटली. मी आर्डिसकडे पाहिलं. ती पुस्तकात पाहत होती.

बायका काम करता करता सूचना द्यायच्या आणि आश्चर्य म्हणजे पुस्तक त्या ऐकायचं. लव्हॉन म्हणाली, "त्या ओस्रिकला कुणीतरी बायको बघायला हवी. मोजे तरी शिवून देईल." दोन बुधवार गेले आणि ओस्रिकचं लग्न ठरलं, दीपगृहात पाव भाजणाऱ्या हेडा नावाच्या विधवेशी. लग्नाच्या जेवणात हॅमचे पाव आणि गाजर घातलेली हिरवी जेली होती.

"जादूच्या राज्यात जेली?" पास्टरांनी विचारलं.

"असं लिहिलंय," आर्डिस म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

मग फेब्रुवारीत लव्हॉनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी पडून. दोन बुधवार चुकणार म्हणून तिने स्वतःसाठी पुस्तकाची एक प्रत मागवली. आणि तिसऱ्या बुधवारी कुबड्या घेऊन, जिन्याच्या पायऱ्या एकेक करत, ती तळघरात उतरली. तोंड असं की वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

"फसवलंय मला," ती म्हणाली. "पुस्तक खराब निघालं. माझ्यात हंसच नाही."

"काय?"

"हंस नाही, लग्न नाही, फुलदाणी नाही. नुसते ते थ-थ-थ चुलत भाऊ! दुकानाला फोन केला, त्यांनी दुसरी प्रत पाठवली. तीही तशीच. त्या पोराला म्हटलं, तुमच्याकडे सगळीच खराब छापलेली दिसतात, आमच्या आर्डिसकडे चांगली आहे. तर तो म्हणतो, बाई, कुठला हंस?" तिने पुस्तक गोधडीवर आपटलं. "आर्डिस, तुझं दे बघू. पानाला पान लावून बघू या."

आर्डिसने पुस्तक छातीशी धरलं. तळघरात कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं.

"माझ्यातही नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"हंस. माझ्याही पुस्तकात नाही."

आमच्या गावात भांडण होत नाही. त्याऐवजी सगळ्या एकदम कामाला लागतात. दोघी उठून स्वच्छ कप पुन्हा विसळायला लागल्या. एकीने घडी घातलेल्या गोधड्या उलगडून पुन्हा घड्या घातल्या. शेवटी लव्हॉनच म्हणाली, "म्हणजे लग्नही खोटं? मी रडले होते त्या लग्नात!"

"पुस्तक वाईट होतं, लव्हॉन," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "मी पुस्तकात नव्हतं ते वाचलं. एल्मर ग्रॉनसेथच्या वेळी कागद चुकला होता. या वेळी मीच चुकले. पुढच्या बुधवारपासून मी येणार नाही."

"पास्टर," कुणीतरी म्हणालं, "हे पाप आहे का?"

पास्टर वेंडेल खुर्चीत अवघडले. "येशूच्या दाखल्यातला मेंढपाळ खरोखर होता का, असं कुणी विचारत नाही," ते म्हणाले. "पण दाखला सांगणाऱ्याच्या मांडीवर दुसऱ्याचं पुस्तक उघडं नव्हतं, हेही आहे." मग त्यांनी विचारलं, "बाटलीतले आवाज सुटले का शेवटी? फक्त विचारतोय."

त्यावर योर्डिसबाईंनी काठी आपटली. "सभा भरवा," त्या म्हणाल्या. "आधी खरं पुस्तक ऐकू. मग ठरवू. न ऐकता ठराव करायची पद्धत या गावात नाही."

तेव्हा आर्डिसने, शिक्षा भोगावी तसं, खरं पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. 'पुलावरील कराविषयीची सभा सकाळी सुरू झाली.' तोच आवाज, तीच नीट उच्चारलेली नावं. थोरोल्ड, थुर्बाल्ड, थेरान, थोर्विन. पाच पानांत एकीची मान खाली गेली. लव्हॉनने पाय दुखायचं निमित्त करून डोळे मिटले. पास्टर तळघराच्या छताच्या तुळया मोजत होते. मी स्वतः एकाच ठिकाणी सात गाठी मारल्या.

तेवढ्यात योर्डिसबाई पुढे झुकल्या. "थांब. पुलाची डागडुजी कुणी करायची म्हणाला तो?"

"थेरान म्हणतो, उत्तरेच्या गावांनी. कारण गाड्या त्यांच्या जातात."

"आणि लाकूड?"

"ते... दक्षिणेकडून."

"तेच तर!" योर्डिसबाईंनी मांडीवर थाप मारली. "आमच्या विलो नाल्याच्या पुलाचं अगदी असंच झालं होतं. तो थेरान गाढव आहे. वाच पुढे."

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. योर्डिसबाईंच्या गालावर लाली आली होती. इतकी वर्षं त्या हंस, मनोरा, राक्षस हे सगळं ऐकत होत्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या आयुष्याबद्दल पुस्तक लिहिलं होतं. राज्यं जिंकणारे पुष्कळ असतात, त्या म्हणाल्या, नंतर पूल कोण सांभाळतो हे कुणी लिहीत नाही.

"पण बाई, कंटाळवाणं आहे हो," लव्हॉन कळवळून म्हणाली.

"असणारच. सभा आहे ती."

शेवटी ठराव झाला, हात वर करून. कॉफीच्या आधी खरं पुस्तक, योर्डिसबाईंसाठी. कॉफीनंतर आर्डिसचं, बाकीच्यांसाठी. आणि आर्डिसने येणार नाही म्हटलं होतं ते कुणी ऐकलंच नव्हतं, असं मानायचं. आर्डिसने एकच अट घातली. कॉफीनंतर ती पुस्तक मिटून टेबलावर ठेवेल. मांडीवर घेणार नाही.

पुस्तकाचा आधार गेल्यावर ती पहिल्या दिवशी अडखळली. हात कुठे ठेवायचे ते कळेना. मग लव्हॉनने तिच्या हातात लोकरीचा गुंडा दिला आणि ती तो पिरगाळत, भिंतीकडे पाहत, सांगत गेली. भाव वाचणारा सपाट आवाज हळूहळू बदलला. हंसाचा वेगळा निघायला लागला, राजाचा वेगळा. बाटल्या फुटल्या त्या बुधवारी तिने सुटलेल्या आवाजांची नावं घेतली, एकामागून एक, आणि ती नावं आमच्याच गावची होती. आर्डिसचा आवाज रेडिओवरून गेल्यानंतर वारलेली माणसं, ज्यांची नावं कुणी वाचली नव्हती. माझी आईही त्यांत होती. कुणी रडलं नाही, आमच्याकडे रडत नाहीत. पण त्या दिवशी वड्या तशाच उरल्या, आणि तसं आमच्या चर्चमध्ये आधी कधी झालं नव्हतं.

योर्डिसबाई वसंतात गेल्या. खरं पुस्तक पूर्ण ऐकून गेल्या. शेवटी पुलाचा कर रद्द होतो, ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "पाच वर्षांत पूल पडेल," त्या आर्डिसला म्हणाल्या. "लिहून ठेव." ते त्यांचं आर्डिसशी शेवटचं बोलणं.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पाचवा भाग आला. लव्हॉनने तो उपहासाने विकत घेतला आणि तीन दिवस फोन उचलला नाही. बुधवारी आली ती दबक्या आवाजात म्हणाली, "आर्डिस, वाईट नाही."

आमच्याकडे 'वाईट नाही'च्या वर कौतुक नसतं. आर्डिसचा चेहरा क्षणभर पडला, हे मी पाहिलं. तिने पुस्तक घरी नेलं. पुढच्या आठवड्यात आली आणि म्हणाली, "चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे. वाचायलाच हवं."

तिने वाचलं, अक्षरशः, कागदावर असेल ते. वारा परत आला होता, गाठी होत्या, चुलत भाऊ एका जहाजाबरोबर बुडाले तेव्हा मागच्या रांगेतून "बरं झालं" असा आवाज आला. सगळ्या खूश होत्या. आणि मग सातव्या प्रकरणात ओस्रिक, चांदण्यात, उत्तरेच्या राणीचा हात हातात घेतो आणि तिचं चुंबन घेतो.

सुया थांबल्या.

"काय केलं त्याने?" लव्हॉन म्हणाली.

"चुंबन घेतलं."

"हेडा घरी पाव भाजतेय आणि हा?"

"लव्हॉन, पुस्तकात हेडा नाही," आर्डिस म्हणाली. "त्याचं लग्न झालेलंच नाही."

"झालंय. मी होते तिथे. जेली खाल्ली मी!"

"मोजेसुद्धा तिनेच शिवून दिले होते त्याला," मागून कुणीतरी म्हणालं. "लाज नाही मेल्याला."

पास्टर उठून उभे राहिले. त्यांनी गळपट्टी सारखी केली आणि सांगितलं की कथेकथेतला फरक लक्षात घ्यायला हवा, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. मग, बसता बसता, म्हणाले, "पण तिला निदान कळवायला तरी हवं होतं त्याने."

आर्डिसने आमच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती, पोट धरून, चष्मा काढून. एल्मर ग्रॉनसेथच्या वेळचं राहून गेलेलं हसूही त्यातच निघालं असावं.

"वाचू की नको?" तिने डोळे पुसत विचारलं.

लव्हॉनने सुईत दोरा ओवला. ओढून गाठ मारली, जरा जास्तच जोराने.

"वाच," ती म्हणाली. "पण आजपासून तो माझ्याशी बोलायला आला तर मी घरी नाही म्हणून सांग."